बेसिनवरचा बाप्तिस्मा

मी म्हशींत वाढले. हे सांगितलं की बिल्डिंगमधल्या बायकांना गंमत वाटते, कारण त्यांच्या डोक्यातली कॅथलिक बाई म्हणजे फ्रॉक घालणारी, केक करणारी आणि उठता-बसता इंग्लिश झाडणारी. मी धार काढायची. मरोळच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी आमचा गोठा होता. सोळा-सतरा म्हशी, दोन गाई, आणि पावसाळ्यात भाताचा एक तुकडा. आम्ही ईस्ट इंडियन. नाव साहेबाचं, पण माणसं मुळातली इथलीच. घरात मराठी, अंगावर लुगडं, गळ्यात क्रूस. माझा बा पहाटे म्हशीच्या पाठीवर क्रूसाची खूण करायचा आणि मगच चरवी हातात घ्यायचा. म्हैस लाथ मारायची ती मारायचीच, पण बाची खूण कधी चुकली नाही.

आटलेल्या म्हशी वर्षातून एकदा लांब गावाकडे चरायला पाठवायच्या. त्याआधी बा प्रत्येकीच्या डाव्या कानाला वस्तऱ्याने बारीकशी चीर द्यायचा, म्हणजे परत आणताना दुसऱ्या कुणी हक्क सांगायला नको. मला ते बघवायचं नाही. मी पेंडीच्या पोत्यामागे लपून रडायचे. बा म्हणायचा, "आता जरा दुखंल, पन जनमभर कुनी हिला परकी म्हननार नाय."

मी आठ वर्षांची असताना आयला सातव्याच महिन्यात मुलगा झाला. सकाळची वेळ होती, बा दूध घालायला गेलेला. शेजारची म्हातारी धावत आली, तिने पोराकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. पोर निळं पडत चाललं होतं. आय अंथरुणातूनच मला ओरडली, "पानी आन, असंल ते आन." घरातला हंडा रिकामा होता. मी गोठ्यातून म्हशींच्या पाण्याची बादली ओढत आणली. त्यात वैरणीच्या काड्या तरंगत होत्या. आयने ओंजळीने ते पाणी पोराच्या टाळूवर तीनदा घातलं, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याचा बाप्तिस्मा केला, आणि त्याला छातीशी धरून बसली. तासाभरात ते गेलं. फादर सायकलवरून आले तेव्हा आय शांत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "माझं पानी लागलं ना, फादर?" फादर म्हणाले, लागलं. फादर नसतील आणि जीव धोक्यात असेल तर कुणीही घातलेलं पाणी लागतं, आणि एकदा लागलं की ते जन्मात निघत नाही.

माझ्या डोक्यात म्हशीच्या कानाची चीर आणि भावाच्या टाळूवरचं पाणी हे तेव्हाच एक झालं. पुढे सिस्टर शाळेत कॅटेकिझम, म्हणजे धर्माचे धडे, शिकवायच्या, बाप्तिस्मा आत्म्यावर न पुसणारी खूण ठेवतो वगैरे. बाकीच्या मुली पाठ करायच्या. मला पाठ करायची गरज नव्हती.

एकविसाव्या वर्षी लग्न होऊन अंधेरीच्या गावठाणात आले. नवरा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होता. बोलायला कमी, खायला हौशी, आणि विमानांचा वेडा. आमच्या खिडकीवरून विमानं इतकी खाली जायची की भांड्यांच्या फळीवर पेले वाजायचे. बाकी सगळे वैतागायचे. हा मात्र हातातला घास हातात ठेवून खिडकीकडे बघायचा. लग्नाची चाळीस वर्षं मी ह्या माणसाला "जेवण निवतंय" म्हणून ओरडले.

देवाने एकच मुलगा दिला. तो हुशार होता, नोकरी चांगली लागली, आणि मग तो प्यायला लागला. थोडंथोडकं नाही. आमच्यात लग्नाकार्याला ग्लास फिरतो, त्यात कुणाला काही वाटत नाही, म्हणून सुरुवातीला मीही डोळ्यांवर कातडं ओढलं. पुढे त्याला रिक्षावाले घरी आणून सोडायला लागले. मी चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना सुरू केली. नऊ बुधवार झाले, पुन्हा नऊ झाले. किती वेळा ते मोजणं मी सोडून दिलं. गुडघ्यांना घट्टे पडले आणि पोरगा होता तिथेच राहिला.

त्याला सोडवलं ते दुसऱ्यांनीच. ऑफिसातला एक मित्र त्याला प्रार्थनेला घेऊन गेला. चर्चमध्ये नाही, एका इंडस्ट्रियल गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर. खाली लेथ मशीन, वर टाळ्या आणि गाणी. ह्या लोकांना आमच्यात बिलिव्हर म्हणतात. त्यांना पुतळे चालत नाहीत, मदर मेरीची रोझरी चालत नाही, आणि तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा तर मुळीच चालत नाही. माणूस कळता झाला की त्याने स्वतः ठरवावं, मगच पाण्यात उतरावं, असं त्यांचं म्हणणं. चार महिन्यांत माझ्या पोराची दारू सुटली. मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. मला राग त्यांचा नाही आला. माझी इतकी वर्षं ज्याच्यापुढे गेली, त्याने मला न देता त्यांना का दिलं, ह्याचा आला. आणि तो राग काढायला जागा नव्हती, कारण ज्याच्यावर यायचा त्याच्याकडेच तर रोज जायचं होतं.

त्या प्रार्थनेतलीच मुलगी त्याने केली. चांगली मुलगी, आजही म्हणेन. दोघं पवईला राहायला गेली. वर्ष-दीड वर्षात नात झाली. सून कामावर जायला लागली तेव्हा ते रोज सकाळी बाळाला माझ्याकडे सोडायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे. नवरा तेव्हा रिटायर झालेला. नातीला खांद्यावर घेऊन तो खिडकीत उभा राहायचा. विमान आलं की दोघं एकदमच वर बघायची. तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो "इमा". ना ममा, ना डॅडी. सुनेला वाईट वाटेल म्हणून आम्ही तो शब्द महिनाभर लपवून ठेवला होता.

आणि माझ्या मनात दिवसभर एकच. हिला पाणी लागलेलं नाही.

मी मुलाला विचारून बघितलं. नीट विचारलं, भांडून विचारलं, रडून विचारलं. तो म्हणाला, "ममा, ती मोठी होऊन ठरवेल. तू मध्ये पडू नको, प्लीज." नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो. पोरगी हाय ना आपल्याकडं रोज? बस झालं." मी म्हटलं, तुम्हाला विमानाच्या पलीकडे काही दिसत नाही.

ती अकरा महिन्यांची असताना एका दुपारी तिला ताप आला. अंग कढत लागलं, सारखी किरकिर करत होती, दूध तोंडात घेईना. नवरा खाली औषध आणायला गेला. मी तिला मांडीवर घेऊन बसले आणि मला तिचे ओठ निळे दिसायला लागले. दिसले, हे मी शपथेवर सांगेन. निळे होते की नाही, हे नाही सांगू शकत. मी उठले, स्वयंपाकघरात बेसिनपाशी गेले, नळ सोडला, डाव्या हातावर तिचं डोकं धरलं आणि उजव्या ओंजळीने तिच्या टाळूवर तीनदा पाणी घातलं. तिचं नाव घेतलं, आयने म्हटलं होतं ते सगळं म्हटलं. पोरगी दचकली आणि मग हसली. बेसिनमध्ये सकाळची भांडी पडली होती. मी तिची टाळू पदराने टिपली. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या भांड्यांसमोर उभी राहून रडले.

नवरा आला. थर्मामीटर लावला तर नव्याण्णव आणि वर थोडं. दात येत होते.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण माझा स्वभाव. अर्धं काम मला जमत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणजे तो चर्चच्या रजिस्टरात हवा. रजिस्टरात नाही तर उद्या तिची पहिली कम्युनियन कशी होणार, लग्न कसं होणार? जिचे आईबाप चर्चची पायरी चढत नाहीत तिच्या लग्नापर्यंत मी पोचले होते. फादरना जाऊन सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "आंटी, ताप किती होता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बाप्तिस्मा झाला. तो आता पुसता येत नाही. पण आईबापाच्या मनाविरुद्ध तुम्ही हे करायला नको होतं. जिवाला धोका नव्हता." मी फक्त पहिली दोन वाक्यं ऐकली.

चर्चच्या ऑफिसात फॉर्म भरून द्यायचा होता. त्यात आईबापाच्या फोन नंबरचा रकाना होता. सिस्टरांनी लहानपणी हातावर पट्ट्या मारून शिकवलेलं, फॉर्ममध्ये रकाना रिकामा सोडायचा नाही. मी सुवाच्य अक्षरात मुलाचा नंबर लिहिला. आठ दिवसांनी ऑफिसातल्या बाईने जन्मतारीख विचारायला त्यालाच फोन लावला. तिची काय चूक?

त्या संध्याकाळी तो आला तो दारातच उभा राहिला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मला त्याला तोंड देता येतं. तो हळू बोलत होता. "ममा, माझ्या मुलीच्या बाबतीत तू माझ्या पाठीमागे हे केलंस. मी प्यायचो ना, तेव्हा तू मला जसं बघायचीस, तसं मी आज तुझ्याकडे बघतोय." सून मागे उभी होती, तिने नातीला माझ्या हातून घेतलं. नवरा मध्ये पडायला गेला. मुलगा म्हणाला, "एकच सांग. बोल की ते नुसतं पाणी होतं. त्याला काही अर्थ नव्हता, तुझी चूक झाली. एवढं बोल, उद्यापासून ती परत येईल."

मी म्हटलं, ते नाही बोलणार. चूक झाली म्हणेन, माफी मागेन, पाया पडेन. पण नुसतं पाणी होतं असं नाही म्हणणार.

माझ्या डोळ्यांसमोर वैरणीच्या काड्या तरंगणारी बादली होती. हे नुसतं पाणी तर तेही नुसतं पाणी. मग आय जन्मभर ज्या एका गोष्टीवर टेकून राहिली, तिचं काय?

ते गेले. अंधेरी ते पवई रिक्षाने जायला कितीसा वेळ लागतो? तिथे माझी नात चालायला शिकली, शाळेत जायला लागली. फोटो यायचे, ते नवऱ्याच्या फोनवर. तो मला दाखवायचा, मी चष्मा लावून बघायचे. आम्ही तिच्या वाढदिवसाला केक आणायचो आणि दोघंच खायचो. पुढे साखरेमुळे तेही बंद झालं.

नवऱ्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. पन्नास-साठ पावलं चालला की बसायचा. मग खिडकीतली खुर्ची आणि पलंग, एवढंच जग उरलं. ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं. मुलगा बापाला बघायला यायचा, डॉक्टर, औषधं, सगळं बघायचा. त्यात कमी नाही केलं. पण एकटा यायचा. बापाने मुलीबद्दल विचारलं की म्हणायचा, "डॅडी, ममाला विचार."

एक दिवस दुपारी नवऱ्याने नाकावरची नळी बाजूला केली आणि मला जवळ बोलावलं. "बोल ना गो. पानीच होतं म्हनून बोल. देवाला कळत नाय काय, तुझ्या मनात काय हाय ते? तोंडानं बोलायचं फक्त. मला एकदा पोरीला बघू दे."

मी म्हटलं, "तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?"

तो म्हणाला, "कळतंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत काय मागितलंय काय तुझ्याकडं?"

खरंच काही मागितलं नव्हतं. मी नळी परत त्याच्या नाकाला लावली आणि रोझरी घेऊन बसले. म्हटलं, मी प्रार्थना करते, पोरगा विरघळेल. त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर तो ह्या विषयावर बोलला नाही. महिन्याभराने एका सकाळी खुर्चीतच गेला. मी आत पेज करत होते. विमान गेलं, पेले वाजले, आणि मी सवयीने ओरडले, "निवतंय हो."

मातीला मुलगा आला, सून आली, आणि त्यांच्यामध्ये एक उंच, सडसडीत मुलगी आली, गुडघ्याला बँडेड लावलेली. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू असताना ते तिघं बाहेर आवारात उभे राहिले, कारण ते आत येत नाहीत. सिमेट्रीत मुलाने बापाच्या खड्ड्यात माती टाकली. नंतर लोक रांगेने येऊन माझा हात हातात घेत होते, कुणी काय म्हणत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. रांग संपली तेव्हा ती मुलगी माझ्यासमोर उभी होती. एकटीच. तिचे आईबाप गेटपाशी कुणाशी बोलत होते.

तिने मला नीट बघितलं. नाक तिच्या आजोबाचं होतं. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "तुम्ही माझ्यावर पाणी टाकलं होतं ना? मी बेबी असताना?"

मी म्हटलं, "हो."

"ते अजून आहे?" तिने कपाळाला हात लावला. "डॅडी मम्मीला बोलत होता, तुम्ही सांगता ते कधीच निघत नाही."

तिला भीती वाटत होती. मला म्हशी आठवल्या. वस्तरा दिसला की त्या डोळे पांढरे करायच्या. किती दिवस ही मुलगी कपाळाला हात लावून झोपली असेल, कोण जाणे.

मी खाली वाकले. हातात सकाळपासून तोच रुमाल होता, चुरगळलेला. त्याच्या टोकाला थुंकी लावली, आया पोरांच्या गालावरची शाई पुसतात तशी, आणि तिचं कपाळ पुसलं. तीनदा पुसलं. म्हटलं, "हे बघ. गेलं. नुसतं पाणी होतं, बाळा."

"खरंच?"

"खरंच."

तिने सोडलेला श्वास माझ्या तोंडावर आला. मग ती पळत बापाकडे गेली. लांबून मला दिसत होतं, ती त्याला कपाळ दाखवत होती. मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाच पावलांवर नवऱ्याची माती ओली होती. आणि मला ते बोलायला किती वेळ लागला? विमान डोक्यावरून जातं, तेवढासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "ममा, तू खरंच तसं बोललीस?" मी म्हटलं, बोलले. आता ते महिन्यातून एका शनिवारी येतात. मी आमच्याकडचे मैद्याचे फुगे तळते, तिला आवडतात. ती खिडकीतल्या खुर्चीत बसून खाते आणि विमान आलं की घास हातात ठेवून वर बघते. तिला कुणी शिकवलेलं नाही. सून म्हणते, बघा, किती रमली. मी आत जाते आणि उगीच भांडी घासत बसते. त्या खुर्चीकडे मला बघवत नाही.

कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, मी गेले होते. जाळीपलीकडे तेच फादर होते, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं असणार. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आईबापांपासून लपवून केलंत, त्याचा पश्चात्ताप होतो?" मी नाही म्हटलं. "मग मुलीला खोटं सांगितलंत, बाप्तिस्म्याचा संस्कार नाकारलात, त्याचा?" मी म्हटलं, त्याचाही नाही, फादर, ती घाबरली होती. मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. नवऱ्याने मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं. त्याची मला क्षमा द्या.

फादर म्हणाले, "पण ते पाप नाही, आंटी. तिथे तर तुम्ही श्रद्धा राखलीत. त्याची क्षमा मी कशी देऊ?"

रविवारच्या मिस्साला मी अजून जाते. तिसऱ्या बाकावर, कडेला, आमची जागा ठरलेली. क्षमा मिळाल्याशिवाय कम्युनियनची भाकर घेता येत नाही. तिची रांग लागते तेव्हा मी बसून राहते आणि शेजारच्या बायका माझ्या पायांवरून वाट काढत जातात आणि येताना खांद्यावर हात ठेवतात. त्यांना वाटतं, माझे गुडघे गेले.